लेकीच्या रेसिंगच्या वेडापायी घेतलेलं सिम: दहा महिन्यांनंतर

गेल्या गौरी-गणपतीत हे सिम, म्हणजे घरी बसून शर्यतीची गाडी चालवायचा सिम्युलेटर, घरात आलं, आता आषाढ लागलाय. म्हणजे दहा महिने झाले. घेताना मी स्वतः असे अनुभव शोधत होतो, तर सापडलं ते सगळं पेटी उघडल्याच्या दिवशी लिहिलेलं. म्हणून मुद्दाम थांबलो.

आधी कशासाठी घेतलं ते सांगतो. लेक तेव्हा तेरा वर्षांची होती. पुण्यात रेंटल कार्टिंगला, म्हणजे भाड्याच्या छोट्या उघड्या गाड्या ट्रॅकवर पळवायला न्यायचो, दहा-बारा मिनिटांत सातशे-आठशे रुपये उडायचे आणि गाडीतून उतरतानाच प्रश्न यायचा, "बाबा, परत कधी?" त्यात 2024 मध्ये पुण्याच्याच डायना पंडोलेने सलून, म्हणजे बंद छताच्या गाड्यांच्या गटात राष्ट्रीय कार रेसिंगचं अजिंक्यपद मिळवलं. असं करणारी ती पहिली भारतीय महिला, शिवाय दोन मुलांची आई. ते कात्रण अभ्यासाच्या टेबलावर चिकटलं आणि माझी बाजू लंगडी पडली. दर आठवड्याला ट्रॅक परवडणार नव्हता, म्हणून घरी सिम.

घेतलं ते गिअरवर चालणारं (आतल्या मोटरचा जोर दातेरी चाकांमधून हाताला देणारं), 900 अंश फिरणारं स्टिअरिंग आणि त्याच्यासोबत येणारी तीन पेडल. किंमत सत्तावीस हजारांच्या आसपास. कॉम्प्युटर घरात होता, त्यात फक्त ग्राफिक्स कार्ड वाढवलं. कंपनीचं नाव घेत नाही, कारण पुढे मी कुरकुर करणार आहे आणि या किमतीतल्या गिअरवाल्या चाकांची जात साधारण एकच.

पहिले तीन आठवडे निव्वळ फजिती. स्टिअरिंगचं चाक टेबलाला अडकवलं, पेडल फरशीवर, आणि बसायला ऑफिसची चाकांची खुर्ची. ब्रेक दाबला की गाडी थांबायच्या ऐवजी पोरगीच मागे जायची. मग खुर्चीची चाकं माझ्या जुन्या बुटांत घालून ठेवली. हसू नका, उपाय चालतो. पण पेडल सरकायचं ते सरकायचंच. शेवटी भोसरीत ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून चौकोनी पाइपची फ्रेम वेल्ड करून घेतली आणि भंगारातून आणलेली जुन्या वॅगन-आरची सीट तिच्यावर बसवली. सगळं मिळून साडेसहा हजार. तयार फ्रेमचे भाव बघितलेत तर हा आकडा मी इतक्या अभिमानाने का सांगतोय ते कळेल.

आता मुख्य गोष्ट. या सगळ्यात खरी किंमत ब्रेकच्या पेडलला आहे. दुकानदार चाकाच्या ताकदीबद्दल बोलतात, किती न्यूटन-मीटर वगैरे. आम्हीही त्यालाच भुललो. पण सेटसोबत आलेलं ब्रेकचं पेडल फक्त पाय किती खाली गेला ते मोजतं. खऱ्या गाडीत पाय फारसा खाली जात नाही, जोर वाढतो आणि शरीराच्या लक्षात राहतो तो जोरच. पाच महिन्यांनी लोडसेलचं पेडल घेतलं, जे दाब मोजतं. आठवडाभर पोरगी वैतागली, प्रत्येक वळणावर चाकं लॉक. नंतर मात्र तिच्या लॅपच्या वेळा बदलल्या. आधी एका बैठकीतल्या दहा लॅपमध्ये दीड-दोन सेकंदांची तफावत असायची, आता अर्ध्या सेकंदाच्या आत असते. सगळ्यात वेगवान लॅप फारसा सुधारला नाही, सगळ्यात वाईट लॅप सुधारला. कार्टिंगचे सर म्हणाले, बघायचं ते हेच.

हे घासून घेतलं ते सिममधल्या बुद्ध सर्किटवर, म्हणजे ग्रेटर नोएडाचा ट्रॅक, 5.125 किलोमीटरचा, जिथे 2011 ते 2013 फॉर्म्युला वन झाली आणि तिन्ही वेळा जर्मनीचा सेबास्टियन फेटल जिंकला. गेमसाठी तो फुकट डाउनलोड होतो. तिथल्या किलोमीटरभराहून लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी उजवं वळण आहे. तेवढ्या वेगातून एकदम जोरात ब्रेक आणि मग दाब हळूहळू सोडत वळणात शिरणं, एवढंच तिने महिनाभर केलं. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, वर शिलाई मशीन घेतलंय का? गिअरवाल्या चाकाचा खडखडाट खरंच तसाच असतो. फ्रेमखाली रबरी मॅट टाकल्यावर तक्रार थांबली.

बिघाडाचं म्हणाल तर सातव्या महिन्यात अ‍ॅक्सिलरेटर आपोआप फडफडायला लागला. सर्व्हिस सेंटरला पाठवलं, तीन आठवडे गेले आणि "फॉल्ट आढळला नाही" अशी चिठ्ठी लावून परत आलं. नंतर मीच उघडून आतल्या पोटेन्शिओमीटरवर (पेडल किती दाबलं ते मोजणारा भाग) काँटॅक्ट क्लीनरचा फवारा मारला. दोनशे रुपयांच्या डब्यात काम झालं, तेव्हापासून व्यवस्थित. वॉरंटीत असेल तर मात्र उघडू नका.

ऑनलाइन शर्यतींचा वेगळा फायदा झाला. आयरेसिंग या ऑनलाइन शर्यतींच्या सेवेवर दर महिन्याचे पैसे जातात, पण तिथे धडका दिल्या की सेफ्टी रेटिंग घसरतं आणि रूकीच्या, म्हणजे नवख्यांच्या वर्गातून वर जाता येत नाही. चूक समोरच्याची असली तरी गुण दोघांचेही जातात. यावरून घरात दोनदा रडारड झाली. मग एके दिवशी ती स्वतःच म्हणाली, "तो येडा दिसतोय, जाऊ दे त्याला पुढे." माझे सदस्यत्वाचे पैसे तिथेच वसूल झाले.

आणि मग मार्चमध्ये कोल्हापूर. तिथल्या कार्टिंग ट्रॅकवर दोन दिवस खरी रेसिंग कार्ट, 125 सीसी टू-स्ट्रोकची, भाड्याने घेतली. पहिल्या सत्रात पोरगी चार वेळा गरकन फिरली. घरी महिनोन्‌महिने घोटलेली सवयच नडली. कार्टला ब्रेक फक्त मागच्या अ‍ॅक्सलला असतो, डिफरन्शियल (वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा) नाही, सस्पेन्शन नाही. गाडीसारखा ब्रेक धरून वळणात खोल शिरलात तर मागची बाजू तुमच्या आधी वळण घेते. ब्रेक बहुतेक सरळ रेषेतच संपवायचा आणि आतलं मागचं चाक जरा उचललं जाईल असं कार्ट वळवायचं, हे सिमने शिकवलं नव्हतं. डाव्या पायाचा नेमका जोर मात्र सिमचाच होता, कारण कार्टमध्ये ब्रेक डाव्या पायाने असतो आणि दुसऱ्या दिवशी तो तिला लगेच जमला. संध्याकाळी जेवताना हात थरथरत होते, बरगड्यांवर काळंनिळं. तांबड्या रश्श्याची वाटी दोन्ही हातांनी धरून प्यायली. मान, बरगड्या, पोटातला गोळा, यातलं काहीच सिम देत नाही.

पालक विचारतात, याने पोरगं रेसर होईल का? मी एवढंच सांगतो की शिडी लांब आहे. स्पर्धेसाठी एफएमएससीआय या राष्ट्रीय महासंघाचं लायसन्स लागतं, त्यासोबत डॉक्टरांचं प्रमाणपत्र. पुढे एकआसनी गाड्यांच्या शर्यती: फॉर्म्युला एलजीबी, नाहीतर पंधरा पूर्ण झाल्यावर एफ-फोर (फॉर्म्युला फोर). फॉर्म्युला वनच्या सुपर लायसन्सला साधारणपणे अठरा वर्षं वय आणि तीन हंगामांत मिळून 40 गुण लागतात, आणि परदेशातल्या हंगामांचे हिशेब कोटींत होतात. मुंबईचा जेहान दारूवाला 2011 मध्ये फोर्स इंडिया या फॉर्म्युला वन संघाच्या 'वन इन अ बिलियन' शोधमोहिमेतून पुढे आला आणि फॉर्म्युला टूमध्ये शर्यती जिंकला, पण त्याचा पाया कार्टिंगचा होता. सिमवरून थेट खऱ्या गाडीत गेलेलेही आहेत, जॅन मार्डनबरो 2011 ची जीटी अकॅडमी (ग्रॅन टुरिस्मो या रेसिंग गेमच्या खेळाडूंतून ड्रायव्हर निवडणारी स्पर्धा) जिंकून गेला. मात्र त्याचं नाव सांगून आमच्या घरात गृहपाठ टाळला जातो, त्यामुळे मी तो विषय काढत नाही.

पुन्हा घ्यायचं झालं तर मी स्वस्तातलं जुनं चाक घेईन, पहिल्याच दिवशी लोडसेल पेडल घेईन आणि फ्रेम आधी बनवीन. तीन स्क्रीन नकोत. एकच स्क्रीन जवळ ओढून फील्ड ऑफ व्ह्यू, म्हणजे स्क्रीनवर किती रुंद दिसावं तो कोन, नीट बसवला तरी वळणाचा अंदाज येतो, सुरुवातीला सगळं अंगावर आल्यासारखं वाटतं एवढंच. पावसाळ्यात वीज जाते तेव्हा शर्यतीच्या मध्यात घरभर जो आक्रोश होतो त्यासाठी छोटा यूपीएसही घ्या. मूल दहाच्या आतलं असेल तर मात्र थांबा, पाय पेडलपर्यंत नीट पोचत नाहीत आणि तेच पैसे कार्टिंगला जास्त कामी येतील.

पुढच्या महिन्यात तिचा वाढदिवस. तिला आठ न्यूटन-मीटरचं डायरेक्ट ड्राइव्ह, म्हणजे गिअरशिवाय थेट मोटरला जोडलेलं चाक हवं होतं, तशी यादी फ्रिजवर चिकटवलेली होती. कोल्हापूरहून आल्यावर तिनेच ती काढली आणि तिथे दुसरी लावली: रिब प्रोटेक्टर, हातमोजे, आणि ट्रॅकचे चार दिवस.