कॅरोटार आणि फॉर्म १: कारखान्याच्या मालाला कडक, सुपारीपुढे थिटा

मुक्त व्यापार करारातली ड्युटीची (आयात शुल्काची) सवलत घेऊन न्हावा शेवा बंदरात माल सोडवायचा, तर २१ सप्टेंबर २०२० पासून लागू झालेल्या कॅरोटार नियमांशी, म्हणजे सवलतीच्या मालाचा मूळ देश तपासण्याच्या कस्टम्सच्या नियमांशी, गाठ पडतेच. पूर्वी सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन (माल कोणत्या देशाचा याचा दाखला) जोडलं की आयातदार मोकळा. आता माल खरोखर त्या देशाचा आहे का, याचा जाब आयातदारालाच द्यावा लागतो. ड्युटीचोरीला आळा घालायला हे योग्यच आहे.

या व्यवस्थेचा जीव फॉर्म १ मध्ये आहे. मालात काय काय घातलं, ते कुठून आलं, प्रक्रिया कोणती झाली, ही माहिती सवलत मागतानाच हाताशी हवी आणि कागद बिल ऑफ एन्ट्री (माल सोडवण्याचा कस्टम्सचा अर्ज) भरल्यापासून किमान ५ वर्षं जपायला हवेत. कस्टम्स अधिकाऱ्याने मागितल्यावर १० कामाचे दिवस मिळतात. बहुतेकांची गाडी इथेच अडते, कारण पुरवठादार नेमका तेव्हाच 'हे आमचं व्यापारी गुपित' म्हणून हात वर करतो. म्हणून फॉर्म ऑर्डर देण्याआधी भरून घ्या. पैसे गेल्यावर कोणी उत्तर देत नाही.

दुसरी चूक हिशेबातली. आसियान (आग्नेय आशियाई देशांच्या) करारात साधारणपणे एफओबी किमतीच्या (जहाजावर चढेपर्यंतच्या, भाडं-विमा सोडून) ३५ टक्के मूल्य करारातल्या देशांतलं लागतं, शिवाय बाहेरून आणलेल्या कच्च्या मालाचा कस्टम्स वर्गवारीतला सहा अंकी कोड तयार मालात बदललेला हवा. एफओबी १,००० डॉलर आणि बाहेरचा कच्चा माल ६६० डॉलर असेल तर मूल्य ३४ टक्के, म्हणजे सवलत नाही. हाच हिशेब भाडं-विमा धरून १,०५० वर केला की ३७ टक्के दिसतात आणि दावा बरोबर वाटतो. नुसतं पॅकिंग बदलणं, चाळणं, लेबल लावणं यानेही माल त्या देशाचा होत नाही.

शंका उरली तर विचारणा दाखला देणाऱ्या परदेशी यंत्रणेकडे जाते. करारात मुदत दिलेली नसेल तर उत्तराला ६० दिवस, आणि उत्तर आल्यावर निर्णयाला ४५ दिवस. तोवर ड्युटीतल्या फरकाएवढी हमी देऊन माल सोडवता येतो. छोट्या आयातदाराचं भांडवल त्यात अडकतं, ही खरी तक्रार आहे आणि ती रास्त आहे.

जमेची मोठी बाजू अशी, की एका उत्पादकाचा माल खोटा ठरला तर त्याच्याच तशाच मालावरचे इतर दावेही नाकारता येतात. एका आयातदाराच्या नावावर अडलेला माल दुसऱ्याच्या नावावर आणण्याची वाट बंद होते.

सुपारीत मात्र हा फॉर्म उघडा पडतो. तिच्यावर मूळ ड्युटी १०० टक्के आणि फेब्रुवारी २०२३ पासून किमान आयात किंमत किलोला ३५१ रुपये, त्यामुळे करारातून मिळणाऱ्या सवलतीचा मोह प्रचंड. शेतमालाला कच्च्या मालाचा हिशेब लागतच नाही. 'पूर्णपणे त्याच देशात पिकली' एवढं लिहिलं की रकाना भरला. इंडोनेशियाची सुपारी दुसऱ्या देशाच्या कागदांवर आली तर फॉर्म १ वाचून ते कळणार नाही. अशा मालाला बागायतदाराकडची खरेदीची पावती आणि निघाल्यापासूनचा कंटेनरचा मार्ग सक्तीने मागायला हवा. श्रीवर्धनचा रोठा (तिथली प्रसिद्ध सुपारी) पिकवणाऱ्याला भाव मिळतो की नाही, हे त्या दोन कागदांवर बरंच अवलंबून आहे.