सारखा रीस्टार्ट होणारा जुना कॉम्प्युटर: दुरुस्त करावा, सेकंडहँड घ्यावा की नवीनच?

घरातला आठ-दहा वर्षांचा डेस्कटॉप मधेच बंद पडून आपोआप पुन्हा चालू व्हायला लागला की दुकानातून तीनपैकी एक सल्ला मिळतो. एसएमपीएस (मशीनच्या भागांना वीज पुरवणारा आतला डबा) बदलून बघू. किंवा ऑफिसातून निघालेलं चांगलं मशीन आलंय, ते घेऊन जा. किंवा आता नवीनच घ्या. तिन्ही सल्ले कुठल्या ना कुठल्या घरासाठी बरोबर असतात. पण जळगाव, धुळे, नंदुरबारकडे त्याआधी एक गोष्ट तपासायला हवी, ती म्हणजे दोष मशीनचा आहे की घरातल्या विजेचा आणि उन्हाचा. वीज तीच, ऊन तेच राहिलं तर तीस हजारांचं नवं मशीनही त्याच खोलीत त्याच तऱ्हेने बंद पडेल. म्हणून तुलना करण्याआधी थोडं निदान करू.

रीस्टार्ट कधी होतो, ते आधी बघा

पंखा, मिक्सर किंवा पाण्याची मोटार सुरू करताना, किंवा बल्ब क्षणभर मंद होताना मशीन पडत असेल तर विजेकडे बघा. सकाळी नीट चालतं, दुपारी दोननंतर पडतं, व्हिडिओ लावला की लवकर पडतं, तर ती उष्णता. उष्णतेत बऱ्याचदा मशीन रीस्टार्ट न होता सरळ बंदच होतं आणि गार झाल्याशिवाय नीट चालत नाही. निळा पडदा दिसून रीस्टार्ट होत असेल तर रॅम, ड्रायव्हर किंवा हार्ड डिस्कवर संशय घ्यावा. चालू करतानाच पुन्हापुन्हा गटांगळ्या खात असेल तर रॅम सैल असू शकते, एसएमपीएस थकलेला असू शकतो किंवा समोरचं बटणच आत अडकलेलं असू शकतं. हे शेवटचं कारण कोणी बघत नाही. मदरबोर्डवरून रीसेट बटणाची वायर काढून ठेवली की खरंखोटं लगेच कळतं.

निळा पडदा वाचायच्या आत निघून जातो, कारण विंडोजमध्ये ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ चालू असतं. सिस्टीम प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड, स्टार्टअप अँड रिकव्हरी असं जाऊन ती खूण काढा, मग पडदा थांबून राहील. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद दिसली की लोक घाबरतात. तिचा अर्थ एवढाच की मशीन रीतसर बंद झालं नव्हतं. का बंद झालं ते ती सांगत नाही. तिच्यासोबत ‘बगचेक’ची, म्हणजे निळ्या पडद्याची, नोंद असेल तर विंडोजच्या बाजूने शोध घ्या. एकटी ४१ असेल तर माझा पहिला संशय विजेवर, दुसरा उष्णतेवर.

आपल्याकडचं ऊन, कापूस आणि डीपी

मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून वाईट हाल असतात. प्रोसेसरचं तापमान खोलीच्या तापमानावर चढतं. समजा काम करताना तो खोलीपेक्षा ४० अंशांनी जास्त तापतो. मग डिसेंबरात २५ अंशांच्या खोलीत तो ६५ वर राहील आणि मे महिन्यात ४३ अंशांच्या खोलीत ८३ वर जाईल. त्यात हीटसिंक (प्रोसेसरवरचा, उष्णता बाहेर टाकणारा पात्यांचा ठोकळा) धुळीने बुजलेला असेल तर तो शंभरीला टेकतो, आणि बहुतेक प्रोसेसर तिथेच स्वतःला वाचवायला हात वर करतात.

भाव येईपर्यंत कापूस घरातच भरून ठेवलेला असतो, अशा घरातला सीपीयू एकदा उघडून बघा. प्रोसेसरवरचा पंखा बाहेरून स्वच्छ दिसतो. तो पंखा काढला की खाली ॲल्युमिनियमच्या पात्यांवर रुईचे तंतू आणि धूळ यांचा सलग थर बसलेला असतो, गोधडीच्या अस्तरासारखा. चिमटीत धरून ओढला तर अख्खा निघून येतो. वारा त्याच्या पलीकडे जातच नव्हता. उन्हाळ्यात वर कुलरचा दमट वाराही सीपीयूवर सोडलेला असतो, त्यामुळे ती धूळ ओली होऊन पात्यांना चिकटते. कुलर माणसांसाठी ठेवा, सीपीयू त्याच्या सरळ झोतातून बाजूला घ्या.

आता वीज. डीपीवर, म्हणजे गावातल्या ट्रान्सफॉर्मरवर, मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज बसतं. घरी २३० यायला हवं, तिथे संध्याकाळी १८० किंवा त्याच्याही खाली येतं, विशेषतः मळ्यातल्या वस्तीवर. एसएमपीएसच्या लेबलवर ‘१००-२४०’ असं लिहिलेलं असेल तर तो हे सहन करतो. जुने स्वस्त एसएमपीएस सहन करत नाहीत.

घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचं किंवा समोरचं बटण बघा: ‘यूपीएस’ मोड आहे की ‘नॉर्मल’? लाईट गेल्यावर एसएमपीएस आतल्या साठ्यावर, पूर्ण लोड असताना, साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो. जुना झाला की त्याहूनही कमी. नॉर्मल मोडवर इन्व्हर्टरला बाजू बदलायला याहून जास्त वेळ लागू शकतो, आणि तो कमी व्होल्टेजही तसंच पुढे सोडतो. पंख्याला फरक कळत नाही, कॉम्प्युटर मात्र पडतो. यूपीएस मोडवर टाकल्यावर तक्रार थांबली तर एक रुपयाही खर्च झालेला नसतो.

वेगळा छोटा यूपीएस असेल तर उलटा संशय घ्या. त्याची १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते, आपल्या उन्हाळ्यात आणखी लवकर. मेलेल्या बॅटरीचा यूपीएस विजेच्या साध्या झटक्यालाही बॅटरीवर जातो आणि मशीनला सोबत घेऊन पडतो. कॉम्प्युटरऐवजी टेबल लॅम्प लावा आणि भिंतीतला प्लग काढा. लॅम्प विझला तर बॅटरी बदला. साधारण हजार रुपयांच्या आसपास काम होतं.

पहिला मार्ग: आहे तेच दुरुस्त करणं

सगळ्यात स्वस्त काम आधी. प्लग काढून सीपीयू अंगणात न्या, ब्लोअरने साफ करा (पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, जोरात फिरू देऊ नका), प्रोसेसर आणि हीटसिंकमधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळलेली असते, ती पुसून नवी लावा. रॅमच्या सोनेरी कडा खोडरबराने हलक्या हाताने घासा. दोन रॅम असतील तर एकेक लावून चालवून बघा. याचा खर्च शे-दोनशे रुपये, आणि उन्हाळ्यातल्या तक्रारींमध्ये यानेच फरक पडतो असा माझा अनुभव आहे.

तरीही पडत असेल तर एसएमपीएस. त्याची १२ व्होल्टची लाईन लोडवर ११.४ ते १२.६ च्या मध्ये राहायला हवी. त्याचा डबा घरी उघडू नका, प्लग काढल्यावरही आत जीवघेणा भार साठलेला असतो. बदलताना लेबलवर मोठ्या अक्षरात ‘४५० वॅट’ आहे म्हणून भुलू नका, १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिलंय ते वाचा. सात-आठशेचा लोकल आणि दोन-तीन हजारांचा ब्रँडेड यांत मी दुसराच घेईन, कारण खराब एसएमपीएस जाताना मदरबोर्डही घेऊन जातो.

एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) टाकायचा सल्ला हमखास मिळेल. एसएसडीने मशीन पळायला लागतं हे खरं, पण विजेमुळे किंवा उष्णतेमुळे होणारा रीस्टार्ट तिने थांबत नाही. डिस्कच खराब निघाली तर जरूर टाका, नाहीतर आधी रीस्टार्ट थांबवा आणि मग खर्च करा.

दुरुस्ती कुठे थांबवायची? मदरबोर्डवर प्रोसेसरच्या आजूबाजूचे छोटे दंडगोल कपॅसिटर बघा. त्यांची टोपी सपाट असायला हवी. फुगलेली असेल किंवा तपकिरी चिकट द्रव आलेला असेल, तर जुन्या मशीनवर आणखी पैसे घालू नका. त्या पिढीचा नवा मदरबोर्ड सहसा मिळत नाही, आणि दुरुस्त केलेल्याचा भरवसा नसतो.

दुसरा मार्ग: ऑफिसातून निघालेलं मशीन

जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये काय किंवा धुळ्यात काय, अशी मशीनं दहा-पंधरा हजारांच्या घरात दाखवतात. त्यांची बांधणी घरगुती असेंबल्डपेक्षा बऱ्याचदा चांगली असते. पण इथे दोन अटी मी सोडणार नाही.

पहिली अट प्रोसेसरची पिढी. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते आणि टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) लागतं. आय५-६५०० म्हणजे सहावी पिढी, आय५-८५०० म्हणजे आठवी. दुकानदार सहाव्या पिढीवरही विंडोज ११ चालवून दाखवेल, पण ती पळवाट आहे. पुढचे अपडेट नीट येतील याची खात्री मायक्रोसॉफ्ट देत नाही. विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टीम चालवायला तयार असाल तर सहावी पिढीही उत्तम, फक्त मग किंमत तशी पाडून घ्या.

दुसरी अट साध्या मापाच्या एसएमपीएसची. या मशीनांपैकी बऱ्याच जणांचा एसएमपीएस कंपनीच्या खास मापाचा आणि खास पिनांचा असतो. तो गेला तर तालुक्याच्या गावात कोणाकडेच मिळत नाही, साधा बसत नाही. आणि पाटीएवढी छोटी मशीनं कापसाच्या घरात नकोतच, त्यांच्या बारीक जाळ्या पहिल्या हंगामातच बुजतात. टॉवर, म्हणजे मोठं उभं कॅबिनेट, घ्या, बिल घ्या, आणि दुकानात किमान अर्धा तास लोडवर चालवून बघा.

तिसरा मार्ग: नवीन

मॉनिटर जुनाच ठेवला तरी नवा डेस्कटॉप पंचवीस-तीस हजारांच्या पुढेच जातो. वॉरंटी मिळते, वीज कमी लागते. मुलगा किंवा मुलगी इंजिनिअरिंगला जाणार असेल, रोज चार-सहा तास काम असेल, तर हा खर्च योग्य आहे. अर्ज भरणं, सातबारा काढणं, फोटो ठेवणं, हिशेब एवढ्यासाठी मला तो पटत नाही.

नवीनच घ्यायचं असेल आणि घर लोडशेडिंगच्या गावात असेल, तर डेस्कटॉपऐवजी लॅपटॉपचा विचार करा. लॅपटॉपची बॅटरीच त्याचा यूपीएस आहे. लाईट गेली, व्होल्टेज बसलं, तरी तो हलत नाही, आणि त्याचा चार्जर सहसा १०० ते २४० व्होल्टवर चालतो. उणी बाजू अशी की बिघाड झाला तर दुरुस्ती महाग, आणि तापलेल्या खोलीत बॅटरी लवकर म्हातारी होते. गादीवर ठेवून वापरला तर खालची हवा बंद होते, तेही टाळा.

मग मी काय निवडेन

एकटी ४१ ची नोंद, कपॅसिटर ठीक, मशीन आठव्या पिढीचं किंवा पुढचं: दुरुस्ती, आणि एसएमपीएससह पाच हजारांपर्यंत जायला हरकत नाही. मशीन त्याहून जुनं पण बोर्ड चांगला: साफसफाई, पेस्ट, यूपीएसची बॅटरी, इतकंच. दोन हजारांच्या वर जाऊ नका. लिनक्स टाकून घरच्या कामाला ठेवा. बोर्ड फुगलेला आणि काम बेताचं: आठव्या पिढीचा सेकंडहँड टॉवर. काम रोजचं आणि लाईटचा भरवसा नाही: लॅपटॉप. यातलं काहीही करण्याआधी अर्थिंग तपासून घ्या. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. वायरमनला बोलवा, खड्ड्यात पाणी सोडा, वायर तुटली असेल तर बदला.

आणि मशीन दुकानात देण्याआधी हार्ड डिस्कवरचे फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे उतरवून ठेवा. ‘विंडोज नवीन टाकून बघू’ म्हणत डिस्क कोरी करणं ही दुकानातली सगळ्यात सोपी पायरी असते. मशीन चालूच राहत नसेल तर डिस्क काढून यूएसबी केसिंगमध्ये घाला, ते काही शे रुपयांत मिळतं, आणि शेजाऱ्याच्या लॅपटॉपला जोडून सगळं उतरवून घ्या. साडेतीन इंची डिस्कला वेगळ्या ॲडॉप्टरचं केसिंग लागतं, ते मागताना सांगा.