आर्थिक मदत की व्यापारसवलत?
विकसित देशांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के मदत विकसनशील देशांना द्यावी, असे उद्दिष्ट संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९७० मध्ये ठरवले. बहुतेक श्रीमंत देश तेथवर पोहोचलेच नाहीत, आणि मिळणाऱ्या मदतीसोबत अनेकदा देणाऱ्याच्याच कंपन्यांकडून खरेदी करण्याची अट येते. त्या तुलनेत १९६४ च्या अंक्टाड परिषदेपासून (संयुक्त राष्ट्रांची व्यापार व विकास परिषद) मागितली जाणारी आयातशुल्क-सवलत, म्हणजे विकसनशील देशांच्या मालावर श्रीमंत देशांनी कमी आयातशुल्क घेणे, मला अधिक सन्मानाची वाटते, कारण तिच्यामुळे निर्यातदार देशाला स्वतः कमावण्याची संधी मिळते. अर्थात तीही एकतर्फी असल्याने देणाऱ्याला काढून घेता येते, आणि कापड किंवा शेतमाल, म्हणजे जिथे गरीब देश खरोखर स्पर्धा करू शकतात, नेमका तोच माल पुष्कळदा वगळला जातो. दुष्काळात किंवा साथीत मात्र सवलत निरुपयोगी ठरते. तिथे थेट मदतच लागते.