रशियन शिकायचंय: आधी शब्द की आधी व्याकरण?

रशियन शिकायला घेतलं की पहिल्याच आठवड्यात दोन सल्ले कानावर येतात. एक म्हणतो, आधी हजारभर शब्द तोंडात बसव, व्याकरण मागाहून आपोआप येतं. दुसरा म्हणतो, सहाही विभक्त्या पक्क्या झाल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. मी दोन्ही करून पाहिलं आहे. चार महिने ॲपवर शब्द घोकले, मग वर्गात बसून विभक्तीचे तक्ते पाठ केले, आणि आता काही वर्षं घरीच दोन-तीन नवशिक्यांना मुळाक्षरांपासून शिकवते.

माझं मत आधीच सांगते. हे दोन्ही सल्ले मुळात इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी तयार झालेले आहेत, आणि मराठी माणसाचं गणित निराळं आहे. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था रशियनसाठी 44 आठवडे, म्हणजे साधारण 1100 तास धरते. पण हा हिशेब इंग्रजी मातृभाषा असलेल्या माणसाचा. निर्जीव वस्तूला लिंग असतं, नामाचं रूप वाक्यातल्या कामानुसार बदलतं, भूतकाळात 'तो' आणि 'ती' यांची क्रियापदं वेगळी होतात, हे सगळं त्याला नव्यानं पटवून घ्यावं लागतं. आपल्याला ते शाळेत जाण्याआधीपासून येतं.

लिपीवर फार वेळ घालवत नाही, कारण ती दोन्ही वाटांवर सारखीच लागते. अक्षरं 33 आहेत आणि रोज अर्धा तास दिला तर आठवड्यात वाचता येतात. अडचण होते ती फक्त इंग्रजीसारख्या दिसणाऱ्या अक्षरांची. 'पी' दिसतो तो 'र', 'सी' दिसतो तो 'स', 'एच' दिसतो तो 'न', 'बी' दिसतो तो 'व'. मोठ्या अक्षरांतली हॉटेलची पाटी नवशिका 'पेक्टोपाह' अशी वाचतो, आणि तिथे लिहिलेलं असतं 'रेस्तरान'. रशियन शब्द देवनागरीत लिहून ठेवायची सवय मात्र पहिल्या आठवड्यानंतर सोडा. इथे मी लिहिते आहे ते केवळ सोयीसाठी, आणि उच्चार जवळपासचे आहेत.

शब्द आधी

या वाटेचा मोठा गुण म्हणजे पहिल्या दिवसापासून काहीतरी बोलता येतं. गोव्यात मोरजी-हरमलच्या पट्ट्यात रशियन पाहुण्यांमुळे दुकानांच्या पाट्या नि मेन्यूकार्डं रशियनमध्ये दिसतात. तिथल्या विक्रेत्याला आकडे, 'स्कोल्का' म्हणजे किती, 'स्पसीबा' म्हणजे आभार आणि विकायच्या मालाची नावं आली की व्यवहार होतो. त्याला विभक्ती शिकवत बसणं म्हणजे त्याचा वेळ खाणं आहे.

मराठी माणसाला शब्दांत सुखद ओळखीही भेटतात, कारण दोन्ही भाषांचं मूळ दूरवर एकच आहे. 'द्वा' म्हणजे दोन, 'त्री' म्हणजे तीन, 'चेतीरे' म्हणजे चार. 'द्व्येर' म्हणजे दार, 'अगोन' म्हणजे आग, 'न्येबा' म्हणजे आकाश, आपलं नभ. 'ब्रात' म्हणजे भाऊ, संस्कृतातला भ्राता. मला सर्वांत आवडतात त्या प्रश्न-उत्तराच्या जोड्या. आपल्याकडे केव्हा-तेव्हा, कसं-तसं, किती-तितकं. त्यांच्याकडे 'कग्दा-तग्दा', 'काक-ताक', 'स्कोल्का-स्तोल्का'. क विचारतो आणि त उत्तर देतो. ही जोडी एकदा दाखवली की विद्यार्थ्याला दहा शब्द एका बैठकीत येतात.

पण या ओळखीच्या शब्दांवर विसंबू नका. ते फार तर पाऊणशे भरतील. रशियन परकीय भाषा म्हणून शिकणाऱ्यांची जी सरकारी परीक्षा आहे, तिच्या अगदी प्राथमिक पातळीला 780 शब्द धरलेले आहेत, पुढच्या पातळीला 1300 आणि त्यानंतरच्या पातळीला 2300. उरलेले सगळे शब्द घोकूनच येतात आणि तिथे मराठीची काही मदत होत नाही. शिवाय आघात कुठे द्यायचा हे छापील मजकुरात दाखवलेलं नसतं. 'मूका' म्हणजे यातना आणि 'मुका' म्हणजे पीठ. लिहायला दोन्ही एकच, फरक फक्त जोर पहिल्या स्वरावर की शेवटच्या. आघात नसलेला 'ओ' उच्चारात 'अ' होतो, म्हणून लिहितात 'मोलोको' आणि म्हणतात 'मलको', म्हणजे दूध. हे कानानंच शिकावं लागतं, आणि इथे ॲप कुठल्याही व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा सरस ठरतं, कारण ते शब्द उच्चारून दाखवतं.

ही वाट अडते साधारण दोन-तीनशे शब्दांनंतर. 'क्नीगा' म्हणजे पुस्तक हे पाठ केलेलं असतं, आणि समोर येतं 'क्नीगू', मग 'क्नीगी', मग 'क्नीगे', मग 'क्नीगय'. ॲप चूक दाखवतं, बरोबर उत्तर दाखवतं आणि पुढे सरकतं. का, ते सांगत नाही. मी त्या चार महिन्यांत 'क्नीगू' हा वेगळाच शब्द समजून वहीत दुसऱ्यांदा उतरवला होता.

व्याकरण आधी

इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण मराठी माणसाचं खरं भांडवल इथे आहे आणि इंग्रजीतून शिकताना ते वाया जातं.

रशियनच्या सहा विभक्त्यांना घाबरवणारी रशियन नावं आहेत, पण आपल्याला त्या शाळेत पाठ केलेल्या नावांनी ओळखता येतात: प्रथमा, द्वितीया, तृतीया, चतुर्थी, षष्ठी आणि सप्तमी. 'या दायू मामे क्नीगू' हे वाक्य घ्या. शब्दाला शब्द ठेवला तर 'मी देते आईला पुस्तक'. 'मामे' म्हणजे आईला, चतुर्थी. 'नझोम' म्हणजे सुरीनं, तृतीया. 'व मस्क्वे' म्हणजे मॉस्कोत, सप्तमी. फरक असा की आपण सामान्यरूप करून त्याला प्रत्यय जोडतो, आणि रशियनमध्ये शब्दाचं शेपूटच बदलतं. शिवाय आपलं 'आत', 'वर', 'साठी' नामाच्या मागे येतं, त्यांचं पुढे.

द्वितीयेतली एक गोष्ट मी प्रत्येक नवशिक्याला आवर्जून दाखवते. आपण म्हणतो 'मी टेबल बघते', पण 'मी मुलाला बघते'. निर्जीवाला 'ला' लावत नाही, सजीवाला लावतो. रशियनमध्ये पुल्लिंगी नामांचं अगदी असंच चालतं: 'या वीझू स्तोल', टेबल जसंच्या तसं, 'या वीझू माल्चिका', मुलगा मात्र बदलला. इंग्रजीतल्या पुस्तकाला हे समजवायला पानभर लागतं. मराठी विद्यार्थी एका वाक्यात मान डोलावतो.

तसंच 'मला'चं. 'म्ने ख़ोलदना' म्हणजे मला थंडी वाजते. 'म्ने नूझ्ना' म्हणजे मला हवं. 'म्ने द्वात्सत ल्येत' म्हणजे शब्दशः 'मला वीस वर्षं'. मराठीतून सरळ गेलं तर वाक्य बरोबर येतं. इंग्रजीवरून वळसा घातला तर विद्यार्थी 'मी थंड' अशी जुळणी करतो आणि 'या ख़लोद्नी' म्हणतो. त्याचा अर्थ होतो की मी थंड स्वभावाचा किंवा हाताला गार लागणारा आहे. 'हे माझं घर' या वाक्यात आपण 'आहे' गाळतो, तेही 'एता मोय दोम' असंच गाळतात. भूतकाळात तर 'प्रिश्योल, प्रिश्ला, प्रिश्लो' म्हणजे आला, आली, आलं. 'ल'सुद्धा तिथेच बसलेला.

पण मराठी फसवतेही, आणि हे कुठल्याही ॲपनं किंवा इंग्रजी पुस्तकानं मला सांगितलं नव्हतं. पहिली फसगत 'आ'ची. आपल्याकडे घोडा, आला, मोठा हे पुल्लिंगी. रशियनमध्ये शेवटचा 'आ' बहुतेक वेळा स्त्रीलिंगी. 'प्रिश्ला' कानाला 'आला'सारखं लागतं, पण त्याचा अर्थ 'आली'. आणि 'प्रिश्ली' हे 'आली' नव्हे, ते अनेकवचन. एक विद्यार्थी दोन महिने स्वतःबद्दल बोलताना स्त्रीलिंगी क्रियापद वापरत होता, केवळ मराठी कानामुळे.

दुसरी फसगत कर्मणी प्रयोगाची. 'मुलीनं निबंध वाचला' यात आपलं क्रियापद निबंधाकडे बघतं. रशियनमध्ये ते नेहमी मुलीकडे बघतं: 'द्येवच्का प्रचिताला'. मराठीच्या ओघात 'प्रचिताल' असं पुल्लिंगी रूप सहज येतं आणि ते चूक आहे. ही सवय मोडायला माझ्या अनुभवात सर्वांत जास्त वेळ लागतो.

क्रियापदांच्या जोड्यांचं, म्हणजे क्रिया चालू असणं आणि पुरी होणं यांसाठीच्या दोन वेगळ्या क्रियापदांचं, नवशिक्याला भय वाटतं, पण तिथेही आपल्याकडे आधार आहे. 'चिताल' म्हणजे वाचत होता, 'प्रचिताल' म्हणजे वाचून काढलं. 'वाचणे' आणि 'वाचून काढणे' यांतला फरक ज्याला कळतो त्याला निम्मं काम झालेलं आहे. जाण्याच्या क्रियापदांना मात्र कोणताच आधार नाही. पायी जाणं आणि वाहनानं जाणं वेगळं, एकदाच एका दिशेनं जाणं आणि येऊन-जाऊन असणं वेगळं. आपल्या एका 'जाणे'ला त्यांचे 'इत्ती', 'ख़दीत', 'येख़त', 'येझ्दीत' असे चार शब्द. ते पहिल्या तीन महिन्यांत हातात घेऊ नका.

या वाटेचा दोष साधा आहे: तक्ते येतात आणि चहा मागता येत नाही. वर्गात मला 'स्तोल'ची बाराही रूपं म्हणता येत होती, पण समोरच्यानं नेहमीच्या वेगानं 'काक दिला?' म्हणजे कसं काय, असं विचारलं की तोंड उघडत नसे.

कुणी काय निवडावं

पर्यटनाला दहा दिवस जाणार असाल किंवा गिऱ्हाइकाशी बोलायचं असेल, तर शब्द आधी, आणि त्यातही आकडे आधी. फक्त एक नियम सोबत घ्या: एकाला 'रूबल', दोन ते चारला 'रुब्ल्या', पाच ते वीसला 'रुब्ल्येय'.

रशियन साहित्य मुळातून वाचायची ओढ असेल, तर व्याकरण आधी, आणि शक्यतो माणसाकडून. पुण्यात विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन शिकवतो. मुंबईत विद्यापीठात रशियनचा विभाग आहे आणि पेडर रोडवर रशियन सांस्कृतिक केंद्र. शिक्षकाला मराठी किंवा संस्कृत येत असेल तर त्याला विभक्त्यांची आपली नावं वापरायची विनंती करा. दोन आठवडे वाचतात.

नोकरी सांभाळून रोज अर्धा तास देणाऱ्यासाठी मी दोन्ही एकत्र सांगते, पण एका अटीवर. वहीत सुटा शब्द लिहायचा नाही. 'मगज़ीन' म्हणजे दुकान असं न लिहिता 'व मगज़ीने, दुकानात' असं लिहायचं. समोरच्या रकान्यात इंग्रजी नको, मराठी. शब्द त्याच्या विभक्तीसकट येतो आणि तक्ता नंतर उघडला की तो आधीच अर्धा भरलेला असतो.

आणि वैद्यकीय शिक्षणासाठी रशियाला निघालेली मुलं. महाराष्ट्रातून अशी बरीच जातात, आणि घरच्यांना वाटतं की शिकवणं इंग्रजीत आहे, मग रशियनची घाई कशाला. पुस्तकं इंग्रजीत असली तरी रुग्णालयातला पेशंट रशियनच बोलतो. या मुलांना मी ठामपणे सांगते की निघण्याआधीचे दोन-तीन महिने व्याकरणाला द्या. शब्द तिथे बसमध्ये, वसतिगृहात, दुकानात रोज कानावर पडणार आहेत. विभक्ती मात्र रस्त्यात कुणी समजावून देत नाही, आणि तिकडे वर्गात ती इंग्रजीतून किंवा थेट रशियनमधून शिकवतील. मराठीतून समजून घ्यायची संधी इथेच आहे.

गेल्या वर्षी निघालेल्या एका मुलीला मी शेवटच्या दिवशी एकच वाक्य दिलं. 'ऊ वास बलीत गलवा?' म्हणजे तुमचं डोकं दुखतं का. तिनं ते फोडून दाखवलं: 'ऊ वास', तुमच्यापाशी, 'बलीत', दुखतं, 'गलवा', डोकं, 'आ'कारान्त म्हणून स्त्रीलिंगी. मग डोक्याच्या जागी पोट घालायला सांगितलं तेव्हा तिला शब्द येत नव्हता. 'झिवोत', मी म्हटलं, जुना अर्थ जीवन, आपल्या 'जीव'चं नातलग. तिनं तो वहीत लिहिला, सुटा नाही, आख्खं वाक्य: 'ऊ मेन्या बलीत झिवोत, माझं पोट दुखतंय.'