मुठीत दांडी धरून मिळालेला रिपोर्ट

आईला दम लागायचा. एक जिना चढली की कठड्याला धरून उभी राहायची. दिवसभर बर्फाचे खडे चघळायची, आम्ही हसायचो. वय झालं, उष्णता वाढली, असं म्हणून विषय संपायचा.

‘सुई न टोचता संपूर्ण शरीराची तपासणी’ ही जाहिरात मीच पाहिली आणि आईला मीच घेऊन गेलो. आईला सुईची भीती, मला वेळ नव्हता. दोघांचीही सोय झाली.

तिथला माणूस गोड बोलणारा होता. “मावशी, मूठ घट्ट धरा,” म्हणत त्याने धातूची एक दांडी आईच्या हातात दिली. दांडीची वायर लॅपटॉपला. मिनिटभरात चाळीस पानांचा रंगीत रिपोर्ट बाहेर आला: यकृत अशक्त, कॅल्शियम कमी, प्रोस्टेट उत्तम. प्रोस्टेट! आधीच्या गिऱ्हाइकाचं ‘पुरुष’ बदलायचं राहिलं होतं. त्याने हसत दुरुस्ती केली आणि पुन्हा दांडी धरायला दिली. या वेळी यकृत ठणठणीत निघालं आणि मूत्रपिंड बिघडलं. दहा मिनिटांत! मी तिथेच उठायला हवं होतं. शिकलेला माणूस मी, पण समोर छापील आकडे आले की बुद्धी गहाण पडते.

अशी दांडी फार तर तळहाताच्या कातडीतून किती वीज वाहते एवढं मोजू शकते. घाम आला, मूठ सैल झाली की आकडा बदलतो. त्यावरून यकृत किंवा रक्त कळायला काही मार्गच नाही. हे सगळं मी नंतर वाचलं.

त्याने तीन डबे पावडर दिली. आणि खरं सांगतो, पहिले काही आठवडे आईला बरं वाटलं. त्या पावडरीत लोह होतं, त्याची ती तरतरी. मशीनच्या नंतरच्या रिपोर्टमध्येही सगळे आकडे सुधारले. बहीण म्हणत होती, एकदा रक्त तपासू या. मी त्याला विचारलं, तर म्हणाला, “आत्ता कशाला? कोर्स चालू असताना आकडे चुकीचे येतात. सहा महिने होऊ द्या.” पैसे गेले त्याचं मला एवढं वाटत नाही. पण या एका वाक्याने आमचे पाच महिने खाल्ले.

शेवटी आई बाथरूममध्ये चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी आधी तिची खालची पापणी ओढून पाहिली. आतला भाग कागदासारखा पांढरा. मग बर्फाबद्दल विचारलं. आम्ही काही सांगायच्या आत! लोह कमी झालं की काही जणांना बर्फ, माती असलं चघळावंसं वाटतं म्हणे. साध्या रक्ततपासणीत हिमोग्लोबिन ७.१ आलं. बायकांचं १२ तरी हवं. लाल पेशी आकाराने लहान, फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तळाला.

मला वाटलं, आता लोहाच्या गोळ्या देतील आणि घरी पाठवतील. डॉक्टर म्हणाले, “पाळी बंद होऊन इतकी वर्षं झाली. मग रक्त जातंय कुठे, ते आधी शोधू.” त्या पाच महिन्यांत हा प्रश्न कुणालाच पडला नव्हता, मलाही नाही.

कोलोनोस्कोपीत, म्हणजे दुर्बिणीने आतून पाहताना, मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला गाठ दिसली. बायॉप्सीत कॅन्सर निघाला. त्या बाजूला थोडंथोडं झिरपणारं रक्त शौचात मिसळून जातं, डोळ्यांना दिसत नाही. दिसतो तो फक्त थकवा. ऑपरेशन झालं. दोन लसीका ग्रंथींपर्यंत (लिम्फ नोड) कॅन्सर पोहोचला होता, म्हणजे तिसरी स्टेज, म्हणून आता केमो चालू आहे. पाच महिने आधी आलो असतो तर ग्रंथी वाचल्या असत्या का, असं मी विचारलं. डॉक्टरांनी नेमकं उत्तर दिलं नाही, देताही येत नसावं. मी मात्र रोज रात्री ते शोधतो.

त्या माणसाकडे जाब विचारायला गेलो. आवाजही न चढवता तो म्हणाला, “मशीन फक्त कल दाखवतं साहेब, निदान करत नाही. शेवटच्या पानावर लिहिलंय.”

घरी येऊन फाईल काढली. चाळिसाव्या पानाच्या अगदी तळाशी, करड्या बारीक अक्षरांत, ते खरंच लिहिलेलं होतं. बाविसाव्या पानावर मोठं आतडं होतं. त्यापुढे हिरव्या शाईत ‘सामान्य’.