अ‍ॅक्सनार: नमुना देखणा, माल अडकला

'प्रिल्यूड टू अ‍ॅक्सनार' हा २०१४ चा फॅन-लघुपट, म्हणजे 'स्टार ट्रेक' या अमेरिकी विज्ञानकथा-मालिकेच्या चाहत्यांनी केलेला लघुपट, जरूर बघा. लांबी साधारण एकवीस मिनिटं, युट्यूबवर फुकट. फेडरेशन (माणसं आणि मित्रग्रहांची आघाडी) आणि क्लिंगॉन (परग्रहावरची लढवय्यी जमात) यांच्या युद्धाची हकिगत दोन्ही बाजूंच्या सेनानींच्या मुलाखतींतून उलगडते. टोनी टॉड, गॅरी ग्रॅहम असे मुरलेले नट आहेत, व्हीएफएक्स, म्हणजे संगणकावर केलेली दृश्यंही, कुठे उणी पडत नाहीत. हौशी काम इतक्या उंचीवर क्वचितच जातं.

पण हा नुसता नमुना होता. वर्गणी घेतली ती पूर्ण लांबीच्या चित्रपटासाठी. किकस्टार्टर आणि इंडिगोगो या लोकवर्गणीच्या साइटवर मिळून दहा लाख डॉलरच्या वर रक्कम जमली आणि डिसेंबर २०१५ मध्ये 'स्टार ट्रेक'चे हक्क असलेल्या पॅरामाउंट व सीबीएसने कॅलिफोर्नियाच्या फेडरल कोर्टात कॉपीराइटभंगाचा दावा लावला.

लघुपटाचा सगळ्यात मोठा गुण, म्हणजे त्यातला अस्सलपणा, तोच तिथे नडला. जहाजं, गणवेश, क्लिंगॉन, १९६९ च्या भागातला कॅप्टन गार्थ, सगळं मूळ मालिकेशी घट्ट जुळवलेलं. ३ जानेवारी २०१७ ला न्यायाधीशांनी 'फेअर यूज'चा, म्हणजे परवानगीशिवायही कायद्याने चालणाऱ्या वापराचा, बचाव फेटाळला. चित्रपट फुकट दाखवणार असलात तरी त्याच्या नावावर लाखो डॉलर उभे केलेत, मग तो बिगर-व्यावसायिक कसा, हा त्यातला कळीचा मुद्दा. ज्युरीसमोर जायच्या आत, २० जानेवारीला तडजोड झाली: पंधरा-पंधरा मिनिटांचे दोनच भाग, जाहिराती नाहीत, जाहीर वर्गणीही नाही. पूर्ण चित्रपटासाठी पैसे भरणाऱ्यांच्या हाती एवढंच उरलं.

सेवा म्हणून किकस्टार्टरला या बाबतीत कमी गुण. हक्कांची जबाबदारी निर्मात्यावर, परताव्याचीही त्याच्यावरच. साइट आपले पाच टक्के कापून मोकळी. इंडिगोगोवर तर तेव्हा लक्ष्य गाठलं नाही तरी पैसे उचलण्याची सोय होती. म्हणून मूळ मालकाचा लेखी परवाना दिसला नाही, तर पैसे टाकू नका. 'इतकी वर्षं कुणी अडवलं नाही' म्हणजे परवाना नव्हे.

निर्मात्यांनी सीबीएस व पॅरामाउंटची फॅन-फिल्मसाठीची जून २०१६ ची नियमावली आधी वाचावी. वर्गणीची कमाल मर्यादा ५०,००० डॉलर, साइटचं शुल्क त्यातच धरायचं. डीव्हीडी काढायची नाही, बक्षीस म्हणून फॅन-फिल्मचे टी-शर्ट वाटायचे नाहीत, कुणाला मानधन नाही. शिवाय अधिकृत मालिकेत काम केलेला नट चालत नाही. टॉड आणि ग्रॅहम दोघांनीही ते केलं होतं, म्हणजे 'प्रिल्यूड'सारखा लघुपट या नियमांत बसवून पुन्हा करता येणार नाही.