तलावपाळीवर टेलब्लेझर : आठवीच्या मराठीच्या तासांतील काही महिन्यांचा अनुभव

अमेरिकेतील एमआयटीमध्ये तयार झालेले टेलब्लेझर हे साधन मी ठाण्यात आठवीच्या मराठीच्या तासांसाठी काही महिन्यांपासून वापरते आहे. संगणकावरील नकाशावर ठिकाणे ठरवायची, प्रत्येक ठिकाणी एखादे पात्र, पत्र किंवा प्रश्न ठेवायचा आणि मोबाइल घेतलेला खेळाडू त्या जागेजवळ पोहोचला की तो मजकूर पडद्यावर उघडतो, अशी त्याची रचना आहे. २०१६ साली आलेल्या 'पोकेमॉन गो'मध्ये मुले दुसऱ्याने रचलेला खेळ खेळतात. येथे ती खेळ स्वतः लिहितात, आणि भाषेच्या शिक्षकासाठी या साधनाचे सारे मोल मला त्यातच दिसते.

मासुंदा तलावाच्या काठासाठी, म्हणजेच तलावपाळीसाठी, एका विद्यार्थिनीने पहिल्या खर्ड्यात 'येथे एक विस्तीर्ण व सुंदर तलाव आहे' असे लिहिले होते. तिच्या वर्गमित्राने ते प्रत्यक्ष काठावर उभे राहून वाचले आणि जे डोळ्यांसमोर आहे तेच पुन्हा कशाला सांगायचे, हे कोणी न सांगता तिच्या लक्षात आले. नवा मजकूर असा झाला : 'पाण्याकडे पाठ करा. कौपिनेश्वराचा कळस शोधा. तो दिसण्याच्या आड काय काय येते?' वाचक कोठे उभा आहे याचे हे भान वहीतल्या लाल शेऱ्यांनी येत नाही.

लिहिण्यासाठी वाचावेही लागले. १६ एप्रिल १८५३ रोजी पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्यास आली, हे मुलांना ठाऊक होते. परंतु ती पाहायला आलेल्या ठाणेकराच्या तोंडी संवाद घालायचा म्हटल्यावर साहिब, सिंध आणि सुलतान या इंजिनांपासून त्या काळच्या पोशाखापर्यंत सगळेच शोधणे आले, आणि त्या निमित्ताने काही जणांनी १८९३ साली स्थापन झालेले मराठी ग्रंथ संग्रहालय प्रथमच पाहिले. (स्टेशनच्या गर्दीत मुलांना न नेता हा ठाणेकर आम्ही तलावाकाठीच उभा केला.) वर्गात वाचायला कचरणारा एक मुलगा गटासाठी हे संवाद मोठ्याने वाचू लागला, याचे मला फार समाधान आहे.

शुद्धलेखन मात्र या खेळाने आपोआप सुधारत नाही. दीर्घ उतारा चिकाटीने वाचण्याची सवयही लागत नाही, कारण उन्हात लहान पडद्यावर चार-पाच वाक्यांपलीकडे कोणी वाचत नाही. त्यासाठी नेहमीचे तास हवेतच.

मोबाइलचे जीपीएस मोकळ्या आकाशाखालीही काही मीटर चुकते आणि उंच इमारतींजवळ संकेत भिंतींवरून परावर्तित होऊन येत असल्याने ही चूक वाढते, म्हणून ठिकाणे मोकळ्या काठावर ठेवून त्यांचा घेर मोठा ठरवावा. रस्ता ओलांडावा लागेल असा एकही टप्पा नसावा, गटाला एकच मोबाइल द्यावा आणि वाचणाऱ्याने चालताना तो दुसऱ्याकडे द्यावा. खेळ शाळेतच उतरवून घेतला की बाहेर इंटरनेट नसले तरी अडत नाही.